तांबडा दोरा, हिरवा दोरा

विलास, काल मी सांगलीला जाऊन आले. विश्रामबागला, तुझ्या मित्राच्या, शिरीषच्या कॉलेजात. पिशवीत तुझ्या दोन्ही बाटल्या होत्या, तांबड्या दोऱ्याची आणि हिरव्या दोऱ्याची, आणि एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मधे जुन्या लुगड्याची चिंधी. निकाल लागला. पण तो मी तुला लगेच सांगणार नाही. सबंध हिवाळा आणि अर्धा उन्हाळा तू मला ताटकळत ठेवलंस, "कळंल की अक्का, एवढी काय घाई हाय" म्हणत. आता तूही जरा थांब. तुला तरी आता कुठं जायची गडबड आहे?

तू गेल्यावर घरात माणसं येत होती आणि तुझ्याविषयी काय काय बोलत होती. कुणी म्हणालं शांत होता, कुणी म्हणालं सालस होता. सालस! ज्या पोरानं माझ्या सासूच्या सोवळ्यातल्या कपाटात माशाच्या तेलाचा डबा ठेवला तो सालस! मी पदर तोंडाला लावून आत गेले. लोकांना वाटलं रडू आवरत नाही. खरं म्हणजे मला हसू आलं होतं, आणि मग त्यातूनच रडू आलं. तुझं काय दुखलं, कुठल्या डॉक्टरनं काय सांगितलं, ते मी इथं लिहिणार नाही. ते सगळ्या मलकापूरला पाठ झालंय. मला तुझ्याशी आपलं राहिलेलं भांडण पुरं करायचंय.

तुझं हे वेड सुरू झालं ते दुष्काळात. तू मुंबईला औषधांच्या कारखान्यात होतास, रजेवर आला होतास, आणि आपण दोघं औंधला यमाईला गेलो होतो. वाटेत रस्त्याच्या कामावर बायका खडी फोडत बसल्या होत्या. तू एसटीच्या खिडकीतून त्यांचे पाय बघत होतास. टाचांना भेगा, भेगांत माती, आणि मातीतून रक्त आलेलं. दर्शन झालं, जेवण झालं, परत येताना तू एकदम म्हणालास, "अक्का, आमी तिथं तोंडाला लावायची क्रीमं करतो. गुलाबाचा वास, झाकणावर बाईचं चित्र. पायाला कुनी काय करतच न्हाई." मी म्हटलं, "पाय कोण बघतंय?" पुढच्या वर्षी नोकरी सोडून बोजाबिस्तरा घेऊन माझ्या दारात उभा राहिलास आणि आमच्या रिकाम्या गोठ्याकडे बोट दाखवलंस.

हे तेव्हा पलटणीत, दूर सरहद्दीवर. घरात मी, माझी प्राथमिक शाळा आणि सासूबाई, म्हणजे आत्याबाई. मी म्हटलं, आत्याबाई काही गोठा देणार नाहीत. त्यांनी तुला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "घे बाबा. म्हस गेल्यापासनं तितं नुसता उंदरांचा कारभार चाललाय. तू तरी कायतरी उजेड पाड." त्या बिचारीला काय ठाऊक की तू उजेडच बंद करणार आहेस!

तुझं म्हणणं असं की फाटलेल्या कातडीला नुसतं तेल आणि मेण पुरत नाही, तिला आतून उभारी देणारं काहीतरी हवं, आणि ते म्हणजे अ जीवनसत्त्व. पुस्तकात त्याला रेटिनॉल म्हणतात हेही तू मला सांगितलंस. मी शाळेत 'गाजर खा, डोळे चांगले राहतात' एवढंच शिकवत होते. ते टाचेलाही लावता येतं हे मला नवीनच होतं. पण लावायचं तर आणायचं कुठून आणि कुठल्या रूपात, याच्यावर आपली जी चर्चा झाली ती एखाद्या पोरीचं स्थळ ठरवतानाही होत नाही.

पहिलं स्थळ रत्नागिरीहून आलं. मुशीच्या काळजाचं तेल, म्हणजे मोठ्या माशाच्या लिव्हरचं. स्वस्त, भरपूर आणि जीवनसत्त्वानं गच्च. पत्र्याचा डबा उघडला आणि आळीतली सगळी मांजरं आमच्या पत्र्यावर जमली. त्या दिवशी नेमका श्रावणी सोमवार. आत्याबाई अंगणात उभ्या राहून ओरडल्या, "आगं ए, तुजा भाव काय शिजवतोय त्यो? घरात मासळी शिरली का काय?" तू गोठ्यातून डोकं बाहेर काढून म्हणालास, "आवं मावशी, औशद हाय, मासळी न्हाई!" त्यावर त्या म्हणाल्या, "मग ही मांजरं काय दवाखान्यात आल्यात व्हय?" गुलाबाचं अत्तर, वाळा, चंदन, सगळं घालून पाहिलंस. मासा हटेना. मी ते मलम एक दिवस लावून शाळेत गेले तर पहिलीतल्या पोरी नाकाला फ्रॉक लावून बसल्या.

मग तू कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलंस की या जीवनसत्त्वाचं एक आम्लासारखं रूप आहे, तिकडे डॉक्टर ते मुरुमांवर देतात. मी म्हटलं, जोरदार आहे तर तेच घाल की. तू म्हणालास, "जोरदार हाय म्हणूनच नको. कातडं सोलतं ते. उनात राबणाऱ्या बाईला दिलं तर ती मलम फेकून मलाच हाणंल." शुद्ध रेटिनॉल तुला हवंसं वाटायचं, पण ते हवा लागली की बिघडतं, उजेड लागला की बिघडतं. शेवटी तू पामिटेटवर आलास. म्हणजे तेच जीवनसत्त्व, पण स्निग्धाशी बांधलेलं, थोडं धिमं आणि जास्त टिकाऊ. मला काही कळेना तेव्हा तू म्हणालास, "अक्का, लोनी आनि तूप. लोनी दोन दिसांत खवट होतं का न्हाई? मग आपल्याला तूप पायजे." एवढं सोपं आधीच सांगितलं असतंस तर आपल्या चार संध्याकाळी वाचल्या असत्या. मुंबईहून त्याचा छोटा डबा आला, पिवळं दाट तेल, आणि मांजरं आपापल्या घरी गेली.

तरी तूप झालं म्हणून ते अमर नव्हे. उजेड नको म्हणून तू गोठ्याच्या खिडक्यांना गोणपाट ठोकलंस, दार आतून लावून घेतलंस आणि लाल कागद गुंडाळलेल्या बल्बखाली काम करू लागलास. बाहेरून दिसायचं एवढंच की एक तरणा माणूस मुंबईची नोकरी सोडून आलाय, दिवसाढवळ्या दार लावून आत काहीतरी उकळतोय आणि संध्याकाळी पिशवीतून बाटल्या नेतोय. गावानं व्हायचा तो अर्थ लावला. हवालदार आले तेव्हा मी शाळेतून नुकतीच येऊन टेकले होते. "मास्तरीणबाई, तुमच्या गोठ्यात भट्टी चाललीया म्हनं." तू दार उघडलंस आणि त्यांना आत खाटेवर बसवलंस. बूट काढायला लावलेस. त्यांच्या टाचा बघून तुझा चेहरा असा खुलला की मला वाटलं, याला आता बक्षीस लागलं. तू स्वतःच्या हातानं मलम चोळलंस. हवालदार अवघडून गेले. "आवो, पाय नका धरू, सरकारी मानूस हाय मी." जाताना एक बाटली घेऊन गेले, आणि नंतर त्यांची बायको येऊन दोन घेऊन गेली. गावातली चर्चा मात्र थांबली नाही. उलट लोक म्हणायला लागले की हवालदारालाही वाटा पोचतो.

तुझं लग्न जमेना यात गावाचा दोष नाही, हे मात्र मी आज लिहून ठेवते. तासगावकडची मुलगी बघायला मी तुझ्याबरोबर आले होते. तिनं पोहे आणून ठेवले. मुलाला काही विचारायचं असेल तर विचारू दे, असं तिचे वडील म्हणाले. आणि तू विचारलंस, "थंडीत टाचांना काय लावता?" मला वाटलं जमीन दुभंगेल तर बरं. वडिलांचा चेहरा पडला. ती पोर मात्र हसली आणि म्हणाली, "कोकमतेल." स्थळ मोडलं. पण परत आल्यावर तू मलमात कोकमतेल घालून बघितलंस आणि ते असं काही बेतशीर घट्ट झालं की तू तिला मनातल्या मनात रोज आशीर्वाद देत असशील. मी म्हटलं, कोकमतेल ठेवलंस, पोरगी सोडलीस. तू म्हणालास, "तिनंच सोडलं की मला." तुला वाईट वाटलं होतं का रे? मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता रोज वाटतं.

आणि काहील. काहिलीची गोष्ट आठवली की अजून मी एकटीच हसते. यमाईच्या जत्रेत मलम विकायचं ठरलं. बायका अनवाणी डोंगर चढतात, त्यांच्यापुढे पायथ्याशीच बसायचं, ही कल्पना माझी. तुझ्याकडे भांडी लहान. मग पाटलांच्या गुऱ्हाळावर पडलेली एक जुनी काहील, गूळ करायची ती भलीमोठी लोखंडी कढई, तू गाडीत घालून आणलीस. मी आणि आत्याबाईंनी ती चिंच आणि राखेनं घासघासून आरशासारखी केली. आत्याबाईंना तर त्यात तोंड दिसायला लागलं. तुझं सगळं नेहमीसारखं काटेकोर. मेण आणि तेल एकीकडे गरम, पाणी एकीकडे गरम, दोन्ही एकत्र करून घोटणं, आणि बाळाला न्हाऊ घालायच्या पाण्याइतकं कोमट झाल्यावर सगळ्यात शेवटी ते जीवनसत्त्व, जोडीला राखणदार म्हणून थोडं ई जीवनसत्त्व. काहीलभर मलम झालं. रंग लोण्यासारखा, वास किंचित गुळाचा. आपण तिघं तिच्याभोवती उभे राहून बघत होतो.

जत्रेच्या आधी तू एक बाटली घेऊन सांगलीला गेलास. शिरीष तुझा कॉलेजातला जोडीदार, आता तिथंच प्रयोगशाळेत. त्याच्याकडे एक परीक्षा होती. मलमातलं तेल वेगळं काढायचं, त्यातला पाण्याचा अंश पुरता घालवायचा आणि काचेच्या नळीत त्यावर एक औषध टाकायचं. जीवनसत्त्व शाबूत असेल तर नळीत निळा रंग येतो, आणि बघता बघता जातो. तू संध्याकाळी परत आलास तेव्हा विचारायची गरजच नव्हती. "निळं न्हाई आलं, अक्का." लोखंडानं खाल्लं होतं सगळं. गंजकी काहील असती तरी त्रासच होता, पण आपण ती चिंचेनं घासून लोखंड उघडं पाडलं होतं आणि तुझ्या जीवनसत्त्वाला आयतं त्याच्या तोंडी दिलं होतं. तुला मुंबईत कधी काहील भेटलीच नव्हती आणि आम्हाला रेटिनॉल. चार दिवसांत मलम तपकिरी पडलं, मुंग्या लागल्या. मी म्हटलं, तेल-मेण तर आहे, विकून टाकू, पायाला बरंच आहे. तू ऐकलं नाहीस. "बाटलीवर जे लिवलंय ते आत न्हाई." जत्रा हुकली. मलम पाटलांच्या बैलगाडीला वंगण म्हणून गेलं, आणि त्या गाडीचा आस पुढे किती दिवस कुरकुरला नाही हे पाटील अजून सांगतात. त्यानंतर तू स्टीलचं मोठं पातेलं आणलंस आणि काहिलीचं नाव काढलं की उठून जाऊ लागलास.

तिथूनच आपलं खरं भांडण लागलं. माझ्या टाचा त्या पातेल्यातल्या मलमानं बऱ्या होत होत्या, आणि तू सगळं श्रेय तुझ्या पिवळ्या तेलाला देत होतास. मी म्हणत होते, बाई रात्री जेवणं आटोपून घटकाभर पाय पुढे घेऊन बसते, चोळते, तेव्हा बऱ्या होतात. आजवर तिला बसायलाच कुणी सांगितलं नव्हतं. तू औषध म्हणून सांगितलंस म्हणून ती बसली. नुसतं मेण दिलं असतंस तरी बरी झाली असती. तू चिडलास. कधी नव्हे तो लालेलाल झालास. "म्हंजे मी मुंबई सोडून गोठ्यात मेन वितळवत बसलोय व्हय?" मी म्हटलं, "व्हय."

दुसऱ्याच दिवशी तू रुंद तोंडाच्या दोन तपकिरी बाटल्या पुढे ठेवल्यास. एकीच्या गळ्याला तांबडा दोरा, दुसरीच्या हिरवा. एकीत जीवनसत्त्व आहे, दुसरीत नुसतं मेण-तेल, रंग सारखा दिसावा म्हणून किंचित पिवळा घातलाय. तांबडी डाव्या पायाला, हिरवी उजव्या. कुठली कशाची ते सांगणार नाही, म्हणालास. त्या दिवशी तू एकच पातेलं घासायला टाकलं होतंस म्हणून मी खूश होते, हेही मला आठवतंय. शिवाय म्हणालास, बाटल्या चुलीवरच्या फळीवरच ठेव. "तू झाकन लावायचं इसरतीस, मावशी बोट घालत्यात. तुज्या सैपाकघरात उनाळा काढला तर ह्ये मलम कुटं बी टिकंल." मृग लागला की दोन्ही शिरीषकडे न्यायच्या आणि निकाल ऐकायचा, असं ठरलं. कारण तुझी खरी हार दर मे महिन्यात व्हायची. आमच्या पत्र्याखालच्या उन्हाळ्यातून एकही मलम निळं बाहेर आलं नव्हतं.

रविवारी माझे पाय खुर्चीवर घेऊन तू भिंग लावून बसायचास. "खरं सांग, कंचा बरा हाय?" मी म्हणायची, उजवा. तू गंभीर चेहऱ्यानं मान हलवायचास. पुढच्या रविवारी मी म्हणायची, डावा. तरी तशीच मान. मी कितीदा तुझ्या तोंडाकडे बघून ओळखायचा प्रयत्न केला, पण तुझ्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

चैत्रात तू गेलास. बाटल्या फळीवरच राहिल्या. मी तिकडे बघतच नव्हते. चूल पेटवायची, भाकरी टाकायची, आणि मान वर करायची नाही. एक दिवस आत्याबाई पाट ओढून माझ्यापुढे बसल्या, माझा पाय ओढून मांडीवर घेतला आणि तांबड्या बाटलीत बोट घातलं. "पाय बग की सवताचं. त्यो आला तर काय म्हनंल?" मी म्हटलं, "आत्या, तो आता कुटनं येतोय?" त्या म्हणाल्या, "मला म्हाईत हाय त्ये. पन पाय तर हायेत न्हवं?" आणि चोळत राहिल्या. त्या दिवशी मी खूप रडले, विलास, आणि डावा पाय चोळून घेत रडले. मग उजवाही पुढे केला, कारण तुझा प्रयोग बिघडायला नको होता.

बाटलीत बोटांचे ठसे, झाकणाला पीठ, वैशाखभर पत्रा तापलेला. मृग लागला. मी एसटीत बसले. मला दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, तुझं मलम उन्हाळ्यातून वाचलं का. आणि दुसरी, तू न सांगता नेलंस ते, तांबडी की हिरवी.

शिरीषनं खिडकीला पडदा ओढला. दिवसभर तो काहीतरी ढवळत, गाळत, वाळवत होता आणि मी स्टुलावर बसून होते. शेवटी त्यानं दोन नळ्या उभ्या केल्या आणि म्हणाला, "ताई, डोळा मिटू नका." आधी तांबडी. औषधाचे थेंब पडले आणि नळीत निळा रंग उमटला. कसा सांगू तुला, आईच्या बादलीत नीळ टाकल्यावर पहिल्यांदा पाणी व्हायचं तसा. मी ओरडलेच, "आला!" म्हणजे वाचलं तुझं मलम, आमच्या चुलीवर, आत्याबाईंच्या बोटांतून वाचलं. तो रंग फिका होईपर्यंत मी हात जोडून उभी होते. म्हटलं चला, तांबडी जीवनसत्त्वाची. डावा पाय विलासचा, उजवा माझा. शिरीष म्हणाला, नियम म्हणून दुसरीही करू.

हिरवीही निळी झाली.

शिरीष गोंधळला. परत करून बघितली. परत निळी, तितकीच. "चुकून दोन्हीत पडलं असंल," तो म्हणाला. चुकून! दोऱ्यांचे रंग निवडून गाठी मारणारा माणूस तू, तुझ्या हातून चुकून? मला ते एकच पातेलं आठवलं. एकाच पातेल्यातलं मलम तू दोन बाटल्यांत भरलं होतंस, आणि मग भिंग घेऊन रविवारमागून रविवार तोंडाचा भोपळा करून बसला होतास, डावा की उजवा विचारत. अरे लबाडा! आपलं भांडण मिटवायला प्रयोग मांडलास आणि आधीच मोडूनही ठेवलास. आता ते कधीच मिटायचं नाही. तुझं जीवनसत्त्व की माझं चोळणं, देव जाणे.

पण एक कळलं मला. बाटलीवर लिहिलंय ते आत नाही म्हणून काहीलभर मलम वंगणाला देणारा तू, खोटं बोललास ते एकदाच. बहिणीच्या एका पायाला भेगा राहू द्यायला तुझा हात धजला नाही. मला हे तुझ्या तोंडावर सांगायचं होतं आणि तुझा लालेलाल झालेला चेहरा बघायचा होता. तेवढं राहिलं.

घरी आल्यावर आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी दोन्ही बाटल्या हातात घेऊन उलटसुलट करून बघितल्या. मग म्हणाल्या, "शिरीषला म्हनावं रविवारचा येत जा. नवी म्हस आनली तरी ती कुटं बी बांदता यील, गोटा मलमाला ऱ्हाऊ द्ये." येणाऱ्या पौषात आम्ही औंधला डोंगराच्या पायथ्याशी बसणार आहोत. बाटल्या तपकिरी, भांडं स्टीलचं, काळजी करू नकोस.

आज सकाळी दोन्ही दोरे सोडले आणि देवघरात ठेवले. मग खाली बसले, पाय पुढे घेतले, आणि एकाच बाटलीतलं दोन्ही पायांना लावलं.